पाटकरी बाळंत झालं

बातमी मोबाईलवर आली, हिंदीत. रत्नाच्या धाकट्या भावानं, अनिलनं, ओळखीच्या सगळ्यांना एकदमच पाठवली होती. तिच्यात त्याच्या कैलासवासी वडिलांचं नाव होतं, त्याचं स्वतःचं हुद्द्यासकट होतं, मुलाचं होतं, आणि खाली लिहिलं होतं की आमच्या पूज्य मोठ्या बहिणीचं आज सकाळी निधन झालं. बहिणीचं नाव नव्हतं. अनिलला मोठ्या बहिणी दोन. एक नागपूरला दिलेली आणि एक रत्ना. मी शंकरनगरच्या ऑफिसात, टेबलाशी, तो मजकूर तीनदा वाचला आणि शेवटी अनिलच्या मुलीला, प्राचीला फोन लावला. कोणती आत्या, एवढंच विचारलं. ती रडत होती. म्हणाली, "मौसी... घरवाली बुआ." घरातली आत्या. म्हणजे रत्ना. रत्नमाला गजभिये, वय एकोणसाठ, भनपुरीच्या सरकारी शाळेत विज्ञानाची शिक्षिका, आणि माझी पन्नास वर्षांची मैत्रीण.

या गोष्टीला दोन महिने झाले. असं लिहायला बसताना माणसाचा राग निवलेला असावा, असा संकेत आहे. माझा निवलेला नाही, आणि निवायची वाट पाहत बसले तर हे लिहून होणार नाही.

आम्ही दोघी गुढियारीतल्या, रेल्वेच्या मालधक्क्यामागच्या एकाच पाऱ्यातल्या, एकाच मोहल्ल्यातल्या. तिचे बाबा आणि माझे बाबा दोघंही वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात. या हिंदी मुलखात ते भंडाऱ्याकडून आलेले, आम्ही वर्ध्याकडून. ती माझ्या घरी यायची तेव्हा माझी आई तिला पाणी द्यायची ते एका ठरलेल्या पितळी पेल्यातून. तो पेला बाकीच्या भांड्यांत कधी ठेवला जात नसे. मला हे बारावीपर्यंत लक्षातसुद्धा आलं नव्हतं. रत्नाला पहिल्याच दिवशी कळलं होतं. बारावीत, कशावरून तरी आमचं भांडण झालं तेव्हा तिनं ते सांगितलं, आणि सांगून झाल्यावर माझ्याच वहीतलं राहिलेलं गणित सोडवून दिलं. ती अशी होती. हिशेब तिला सगळे कळत, पण त्यात ती अडकून बसत नसे. बीएस्सी झाली, नोकरी लागली, बाबा आजारी पडले, अनिलचं शिक्षण राहिलं होतं, ते झालं, मग त्याचं लग्न झालं. तिच्या लग्नाचं कोणी नाही म्हटलं नाही. फक्त कोणी विषयही काढला नाही, आणि वर्षं गेली. तिनं त्याचं कधी दुःख केलं नाही. तिला लग्न नकोच असावं, असं मला आता वाटतं. पण घरातल्या सगळ्यांच्या आधी उठून आठ जणांचा स्वयंपाक करून शाळेत पोचणं तिला हवं होतं, असं मात्र मला कधीच वाटलं नाही.

पुस्तक तिला पस्तिशी उलटल्यावर सापडलं. एका कॉलेजच्या ग्रंथालयानं जुनी पुस्तकं रद्दीत काढली होती, त्यात. वरचं कव्हर गेलेलं, पहिली काही पानं गेलेली. इंग्रजीतली एक जुनी विज्ञानकादंबरी. तिकडं ती नावाजलेली आहे म्हणे, शिकवतातही, पण आम्हाला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. शब्दकोश घेऊन रत्नानं ती सहा महिन्यांत वाचली आणि दर रविवारी मला येऊन तिची गोष्ट सांगितली. दूरच्या एका ग्रहावरची माणसं. तिथं कोणी जन्मभर बाई नसतं की जन्मभर पुरुष नसतं. काही वर्षं हे, काही वर्षं ते, आणि मधला मोठा काळ दोन्हीही नाही. आपलं पुढं काय होणार हे कोणालाच आधी ठाऊक नसतं. त्यामुळं तिथं बायकांचं काम, पुरुषांचं काम असं काही ठरवताच येत नाही, कारण ठरवणाऱ्याच्याच अंगावर ते उद्या येऊन पडायचं. गोष्ट आहे कालव्याचं पाणी वाटून देणाऱ्या एका अधिकाऱ्याची. रत्नानं त्याला आपला शब्द दिला, पाटकरी. दुष्काळ पडलेला आहे, वरच्या गावांनी खालच्यांचं पाणी अडवलं आहे, निवाड्यासाठी सभा बसली आहे, आणि ऐन सभेत पाटकऱ्याला कळा सुरू होतात. सभा तीन दिवस थांबते. कोणी कुरकुरत नाही, कोणी हसत नाही, कोणी गौरवाचं भाषणही करत नाही. तिथं बसलेल्या प्रत्येकावर ही वेळ कधी तरी आलेली असते, किंवा यायची असते.

मी म्हटलं, म्हणजे स्वर्गच की. तिला ते आवडलं नाही. म्हणाली, "स्वर्ग कायचा? तिथं बी पाणी तोडतेतच एकमेकाचं. फक्त बाई आहे म्हणून तोडत नाही, एवढंच." मग स्वतःच म्हणाली, "एवढं बी पुष्कळ आहे."

त्यानंतर तिनं ते मराठीत करायला घेतलं. अकरा वर्षं लागली. शाळेतले मोकळे तास, रविवारची दुपार, भाजी शिजते आहे तेवढा वेळ. घरात तिला टेबल नव्हतं. पुढच्या खोलीत टीव्ही होता, मधल्या खोलीत पोरं होती, म्हणून ती ओट्याच्या कडेला उभ्यानं लिहायची. शाळेच्या शंभर पानी वह्या, निळ्या शाईत, एकोणीस झाल्या. आणि या अकरातलं निम्मं आयुष्य एका शब्दानं खाल्लं असेल. तो, ती की ते? इंग्रजी लेखकाला क्रियापदाची चिंता नसते. मराठीत माणूस आला, आली की आलं, हे ठरवल्याशिवाय त्याला दारातून आत घेता येत नाही. हिंदीत तर मार्गच नाही. तिनं वर्गात एकदा ही गोष्ट हिंदीतून सांगून पाहिली तर दर दोन मिनिटांनी पोरं विचारत होती, मॅडम, वो लड़का था कि लड़की? घरी येऊन ती हसत होती, पण त्याच दिवशी तिचं ठरलं. हिंदीत जे नाही ते आपल्याकडं आहे, आणि आपण ते फक्त लेकरांसाठी आणि जनावरांसाठी ठेवून दिलं आहे, असं ती म्हणाली. तिनं सगळ्या ग्रहाला 'ते' केलं. पाटकरी आलं. पाटकरी बोललं. पाटकरी थकलं होतं, पण बसलं नाही.

मला ते कानाला खटकलं, आणि मी तसं म्हटलं. म्हटलं, कुत्रं आलं असं वाटतं. ती चिडली नाही. तिनं मला विचारलं, "आपलं माणूस म्हणतोस ना तू? आपला माणूस येगळा, अन् आपलं माणूस येगळं. ज्याच्यावर जीव असते त्याले आपण 'ते'च म्हणतो. मग काहून लाजायचं?" पाटकऱ्याच्या तोंडी तिनं आमच्या आज्यांची बोली घातली. आमच्या घरच्या बाया स्वतःबद्दल बोलताना मी जातो, मी येतो असंच म्हणत. बाई म्हणून वेगळं क्रियापद त्यांनी कधी मागितलं नाही. रत्नाचं म्हणणं असं, की त्या ग्रहावरची भाषा शोधायला लांब कुठं जायला नको, ती भंडाऱ्याच्या एसटीत ऐकायला मिळते. मी हळूहळू त्या 'ते'ला सरावले. चौथ्या-पाचव्या वहीनंतर तर पाटकरी बाई आहे की पुरुष हे डोळ्यासमोर येईनासं झालं, नुसतं पाटकरी दिसायला लागलं. हे तिनं करून दाखवलं होतं. गुढियारीच्या एका स्वयंपाकघरात, उभ्यानं.

वह्या मी टाइप केल्या, ऑफिसनंतर, वर्षभर. मग आम्ही एका प्रकाशनाला पाठवल्या. नाव लिहीत नाही. त्यांनी जे केलं ते दुसऱ्या कोणीही केलं असतं. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या संपादकांचं पत्र आलं. फार सौजन्यानं लिहिलेलं. काम महत्त्वाचं आहे, मराठीत असं काही नाही, छापायचंच आहे, फक्त 'ते' काढून सगळीकडं 'तो' करावं, वाचकाला त्याची सवय आहे. 'तो' म्हटलं की त्यात सगळेच आले. आणि बोली प्रमाण करावी. रत्ना नाही म्हणाली. मी तिच्या मागं लागले. हे मला इथं लिहिलंच पाहिजे. मी तिला म्हटलं की छापून तर येऊ दे, पुढच्या आवृत्तीत बघू, एका शब्दासाठी अकरा वर्षं पाण्यात घालतेस काय. तीन आठवडे ती माझ्याकडं आली नाही. मग एका रविवारी येऊन म्हणाली, "तुले करायचं असंल तर कर. मी नाही करत."

मी केलं. पानापानावर, हातानं, जवळजवळ दोन महिने. आलं चं आला, बोललं चं बोलला. आणि करताना माझ्या डोळ्यांदेखत ती कादंबरी मेली. सभेत सगळे पुरुष येऊन बसले. कालव्यावर पुरुष उभे राहिले. निवाडा पुरुषांनी दिला. एवढ्या मोठ्या ग्रहावर एकही बाई उरली नाही, आणि ती मी काढली होती. तरी मी पाठवून दिलं. महिन्याभरानं संपादकांचं दुसरं पत्र आलं, तितकंच सौजन्यानं लिहिलेलं. बाकी सर्व उत्तम झालं आहे, मात्र बाळंतपणाचं प्रकरण गाळावं; एका पुरुषाला कळा येतात हे मराठी वाचकाला विनोदी वाटेल आणि विषयाचं गांभीर्य जाईल.

ते पत्र रत्नानं माझ्या घरी, माझ्यासमोर वाचलं. घडी करून पिशवीत ठेवलं. तिचा आवाज चढला नाही. म्हणाली, "पाह्य शोभा. आधी माणसाचा पुरुष केला. अन् आता इचारून राहिले का पुरुष बाळंत कसा होते." त्याच आठवड्यात तिनं पुस्तक परत घेतल्याचं कळवलं. मला एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं... पुस्तकाचा विषय मात्र आमच्यात बंद झाला.

शेवटची भेट झाली ती रत्ना जायच्या दोन आठवडे आधी. सीताफळं घेऊन आली होती. बोलता बोलता सहज म्हणाली की वह्या पुन्हा नव्यानं तपासून झाल्या आहेत, शेवटची दोन पानं तेवढी राहिलीत. तुझ्या कॉम्प्युटरमधलं 'तो' काढून माझं 'ते' परत घालून देशील का. सहा वर्षांनी तिनं मला ते मागितलं होतं. मी म्हटलं, हो, घालते की, दिवाळीची साफसफाई एकदा होऊन जाऊ दे. पडदे काढले होते मी त्या दिवशी. पडद्यांसाठी मी तिला थांबायला सांगितलं.

पुढचं मला प्राचीकडून कळलं. प्राचीच्या भावाला स्थळ सांगून आलं होतं, मुलीकडची मंडळी बुधवारी घर बघायला यायची होती. सोमवारपासून रत्नाच्या छातीत जळजळत होतं, डावा हात भरून येत होता. तिनं अनिलला सांगितलं की डॉक्टरकडं नेऊन आण. तो म्हणाला गॅस झाला असेल, ओवा खा, बुधवार होऊ दे, मग जाऊ. ही विज्ञानाची शिक्षिका. डाव्या हाताचं काय असतं हे तिनं तीस वर्षं पोरांना शिकवलं असेल. एकटी रिक्षा करून का गेली नाही, असं मला चार जणांनी विचारलं आहे. त्या चौघांपैकी एकानंही आयुष्यात चौदा माणसांचा स्वयंपाक अर्धा टाकून कुठं जाऊन पाहिलेलं नाही. बुधवारी चौदा माणसं जेवली. पाहुण्यांनी पुरणपोळीचं कौतुक केलं. गुरुवारी सकाळी तिनं चहाचं आधण ठेवलं आणि खाली बसली. दवाखाना घरापासून पंधरा मिनिटांवर आहे. गाडी तिन्ही दिवस दारात उभी होती.

अनिल वाईट माणूस नाही. माझ्या रागाची खरी अडचण हीच आहे. तो दारू पीत नाही, हात उगारत नाही, प्राचीला त्यानं इंजिनिअरिंगला घातलं आहे. विहारात जयंतीला समतेवर त्याचं भाषण असतं आणि ते चांगलं असतं, मी ऐकलेलं आहे. रत्नाच्या जलदान विधीच्या, श्रद्धांजलीच्या कार्यक्रमातही तो बोलला. मनापासून बोलला, खरोखरच मनापासून. म्हणाला, ताईनं आमच्यासाठी आयुष्य वेचलं, कधी स्वतःसाठी काही मागितलं नाही. लोकांनी माना हलवल्या. नंतर दोघं-तिघं बोलले; सगळ्यांच्या बोलण्यात तिचा शांत स्वभाव होता आणि तिच्या हातची चव होती. मग कोणी तरी विचारलं, मैत्रिणींपैकी कोणाला बोलायचं आहे का, आणि मी उठले.

मी काय बोलले ते मला नीट आठवतं, कारण फार थोडं बोलले. म्हटलं, रत्नानं मागितलं होतं. पुढच्या खोलीत एक टेबल मागितलं होतं, ते टीव्हीमुळं मिळालं नाही. रविवारी सकाळचे दोन तास मागितले होते, ते मिळाले नाहीत. तिनं अकरा वर्षं खपून एक पुस्तक लिहिलं, त्यातला तिचा एक शब्द तसाच राहू द्या एवढं तिनं मागितलं, तो मी स्वतः माझ्या हातानं बदलला. आणि सोमवारी तिनं डॉक्टरकडं न्या म्हणून मागितलं. एवढंच बोलून मी खाली बसले.  शेजारच्या बाईंनी मला पाणी दिलं, आणि एक वयस्कर गृहस्थ माईकवर येऊन म्हणाले की दीदी भावनेच्या भरात आहेत.

कार्यक्रम संपल्यावर अनिल माझ्याकडं आला. विचारलं, "शोभादीदी, आज हे बोलणं जरुरी होतं काय?" मी म्हटलं, "आज नाही तर कधी बोलू?" मला वाटलं तो चिडेल. तो चपला काढलेल्या होत्या तिथंच पायरीवर बसला आणि म्हणाला की त्याला पुस्तकाचं खरंच माहीत नव्हतं. त्या वह्या शाळेच्या आहेत, ताई पोरांचे पेपर तपासते, असंच तो समजत होता. एका छताखाली, अकरा वर्षं आणि वर अजून तेवढीच. मला त्याची कीव यायला हवी होती. आली नाही. त्याला ठाऊक असूनही त्यानं आडकाठी केली असती तर निदान ती भांडली तरी असती. त्यानं कधी मान वळवून तिच्या हातात काय आहे हेसुद्धा पाहिलं नव्हतं.

वह्या आणि ते कव्हर गेलेलं इंग्रजी पुस्तक प्राचीनं आणून दिलं, स्कूटीवर, दोन खेपांत. तेव्हापासून दर रविवारी ती माझ्याकडं येते. ती वहीतून मोठ्यानं वाचते, मी कॉम्प्युटरवर दुरुस्त करते. तिला मराठी समजतं, पण बोलते ती हिंदीतच, आणि वाचताना ळ वर अडखळते. पहिल्या रविवारी तिनं विचारलं नाही की हे असं 'आलं, गेलं' का आहे. आठवड्याभरानं मीच विचारलं की तुला खटकत नाही का. तर म्हणाली, नाही, मौसी, बुआ मला लहानपणी असंच तर बोलायची. एकोणीस वह्या आम्ही पाच रविवारांत आणि मधल्या काही सुट्ट्यांत संपवल्या. आला चं आलं, बोलला चं बोललं. सभेत माणसं परत येऊन बसली. पाटकरी बाळंत झालं, सभा तीन दिवस थांबली, आणि ते वाचताना प्राचीही थोडी थांबली, मग पुढं वाचू लागली.

शेवटची दोन पानं रत्नानं आडव्या रेघांनी पूर्ण खोडलेली निघाली. बाजूला लिहिलं होतं, 'जमलं नाही. पुन्हा करणे.' जमलं का नव्हतं ते मला वाचून कळलं. त्या पानांत म्हातारं झालेलं पाटकरी आपलं काम दुसऱ्याच्या हाती देतं, म्हणजे सारखं 'त्याला', 'त्याचं', 'त्यानं' येतं. 'ते'ला प्रत्यय लागला की मराठीत तिथं पुन्हा पुरुषच येऊन उभा राहतो. एवढं सगळं करून भाषेनं तिला शेवटच्या दोन पानांवर गाठलं होतं. ती त्यावर काही तरी शोधत असणार. आता ते आम्हीच करतो आहोत. प्राचीला इंग्रजी येतं, मला मराठी येतं, आणि दोघींना मिळून रत्नाच्या निम्मंही येत नाही. गेल्या रविवारी सकाळपासून दुपारपर्यंत आमची चार वाक्यं झाली, तीही भांडून.

पाचव्यावर होतो तेव्हा अनिल आला. दारातच उभा राहिला. घरी मुलीकडची मंडळी अचानक आली आहेत, प्राचीची आई एकटी पडली आहे, चल, असं म्हणाला. प्राचीनं पुस्तकातून मान वर केली नाही. "चाय आप बना लीजिए, पापा," ती म्हणाली. "दो पन्ने बाकी हैं."

 त्यानं माझ्याकडं पाहिलं, बहुतेक मी तिला समजावेन म्हणून. मी त्याला बसाही म्हटलं नाही. मग त्याची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, आणि प्राचीनं ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं.